निळा नसलेला समुद्र

मालिनी लिमये यांच्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आला होता आणि उजव्यातला त्याच्या मागोमाग निघाला होता, त्या दिवाळीनंतर त्यांच्याकडे एक मुलगी भाड्याने राहायला आली. तिचं नाव महरीन. मूळची जयगडची, चित्रकला शिकायला काही वर्षं पुण्यात राहिलेली. रत्नागिरीत मांडवीच्या जेटीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका बंद पडलेल्या बर्फाच्या फॅक्टरीची लांबलचक भिंत आहे. ती भिंत रंगवायचं काम तिला मिळालं होतं. रोज जयगडहून एसटीने ये-जा करण्यात अर्धा दिवस गेला असता. राजिवड्यात तिचे मामू राहत, अयूब. पण त्यांच्या घरात माणसांनाच पाय पसरायला जागा नव्हती, तिथे रंगांचे डबे कुठे मांडणार? अयूब पूर्वी बंदर खात्याच्या सर्व्हेच्या होडीवर खलाशी होते, आणि मालिनीबाई त्याच कचेरीत ट्रेसर. त्या ओळखीवर ते भाचीला घेऊन आले.

"बाई, पोरगी शांत आहे," अयूब दारातूनच म्हणाले. "फक्त हिच्या कपड्यांना कायम रंग लागलेला असतो."

मालिनीबाईंनी दाराकडे पाहिलं. त्यांना तिथे एक उंच, मऊ कडांचं, हळदीच्या पाण्यासारखं काहीतरी उभं दिसलं.

"लागलेला रंग मला दिसायचा नाही," त्या म्हणाल्या. "ये गो आत."

ट्रेसरचं काम आता कुणाला ठाऊक नसतं. इंजिनियर पेन्सिलीने नकाशा काढून देई. त्यावर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि त्याची रेघ न् रेघ काळ्या शाईने उतरवून घ्यायची. मालिनीबाईंनी आख्खी नोकरी हेच केलं. काजळीची खाडी, तिचं मुख, भाट्याची वाळू, मांडवीचा कोपरा, पाण्याची खोली दाखवणाऱ्या वळणदार रेघा, सगळं त्यांच्या हाताखालून इतक्यांदा गेलं होतं की झोपेतही बोटं हलायची असं त्यांचे यजमान थट्टेने म्हणत. शाईचा थेंब सांडला तर ब्लेडच्या टोकाने खरवडून काढायचा, कागद फाटू न देता. रेघ जाड झाली तर साहेब कागद परत पाठवत. आता यजमान नव्हते, मुलगी सावनी पुण्याला संसारात होती, आणि मालिनीबाईंच्या जगातून रेघ एकेक करून निघून जात होती. आधी पेपरातली अक्षरं गेली, मग समोरच्या माडांच्या झावळ्या, मग माणसांचे चेहरे. पण त्या कुणाला तक्रार करताना दिसल्या नाहीत.

महरीनला पुढची खोली दिली होती. तिथल्या गॅलरीतून जेटी, तिच्यापलीकडचं पाणी आणि उजवीकडे भगवती बंदराचा उंचवटा दिसे. पहिले दिवस ती तिथे बसून कागदांवर कागद रंगवत होती. नगरपरिषदेने तिचं एक कच्चं चित्र पसंत केलं होतं. त्यात ओळखू येतील अशा होड्या नव्हत्या, मासे नव्हते, नुसते लाटांसारखे निळे पट्टे होते. ते पास झालं आणि त्याच दिवसापासून तिला ते आवडेनासं झालं.

"एखाद्या रिसॉर्टच्या बोर्डासारखं दिसतंय," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली.

मालिनीबाई शेजारी खुर्चीत शेंगा सोलत होत्या. सूर्य नुकताच बुडाला होता आणि जेटीवरचे दिवे लागले होते. "मला तुझा कागद दिसत नाही," त्या म्हणाल्या, "पण आज पाणी काय सुरेख सुटलंय बघ."

"सुटलंय म्हणजे?"

"म्हणजे त्याला कुठे बांधलेलं नाही. ते आपलं येतंय इकडे रस्त्यापर्यंत."

महरीनने पाहिलं. पाणी जिथल्या तिथे होतं. भरती होती, जेटीच्या दगडांना लागून काळपट पाणी हलत होतं.

"काकू, तुम्हांला काय दिसतंय ते नीट सांगा ना," ती म्हणाली.

मालिनीबाईंना आधी संकोच वाटला. आजवर डोळ्यांबद्दल जो तो विचारी तो काय दिसत नाही, हेच विचारी. मग त्यांनी शेंगांचं सूप खाली ठेवलं आणि सांगायला लागल्या.

दिवे त्यांना दिवे दिसत नव्हते. प्रत्येक दिव्याचं मोठं, पाकळ्यापाकळ्यांचं फूल झालं होतं, आणि त्या पाकळ्या एकमेकींत शिरत होत्या. पाणी निळं नव्हतं, काळंही नव्हतं. ते गुळाच्या पाकासारखं होतं, मधोमध पातळ आणि कडेला दाट. आकाश त्याच पाकाचा वरचा थर. जेटी म्हणजे त्यात बुडवलेली एक भाजकी, जांभ्याच्या रंगाची सावली. एखादी होडी हलली की ती होडी म्हणून हलत नसे. त्या सगळ्या पिवळ्यातून एक जागा थोडी काळसर होई, सरके आणि पुन्हा विरघळे. माणूस चालत गेला की आधी दोन होत, मग एक, मग नुसती चाहूल.

"मी एवढी वर्षं किनारा काढला," त्या म्हणाल्या. "इथपर्यंत जमीन, इथून पुढे पाणी. केसभर चुकलं तर चालायचं नाही. आणि आता बघ, मला कुणी विचारतच नाही की कुठून कुठपर्यंत. सगळं एकच आहे."

महरीन उठली, आतून नवा कागद घेऊन आली. अंधार पडला तरी ती त्यावर पिवडी आणि गेरू कालवत बसली.

त्यानंतर रोज संध्याकाळी ती मालिनीबाईंपुढे बसू लागली. एखादा रंग कागदावर लावून ती तो त्यांच्या डोळ्यांजवळ नेई.

"असा?"

"याहून पिकलेला."

"असा?"

"हं. पण याच्या पोटात जरा राख घाल."

कधी कधी दोघी भर दुपारी गॅलरीत बसत. त्या वेळी मालिनीबाईंच्या डोळ्यांना ऊन सोसत नसे, सगळं पांढरं पांढरं होऊन जाई, आणि त्या डोळे अर्धे मिटून हळू आवाजात सांगत, जणू झोपेत बोलताहेत. महरीनला त्या आवाजाची सवय झाली. डोळे मिटून ती ऐके, आणि तिच्या पापण्यांआड ते पाणी यायला लागे: गोड, जड, किनारा नसलेलं. एकदा दोघींनाही तशीच झोप लागली. जाग आली तेव्हा चहाची वेळ टळून गेली होती आणि गॅलरीच्या कठड्यावर एक कावळा दोघींकडे आळीपाळीने बघत होता.

डिसेंबरात अयूबनी भिंतीला बांबूंची परांची बांधून दिली. महरीनने भिंत घासून धुतली, प्रायमर दिला आणि एका टोकाकडून रंग चढवायला सुरुवात केली. ब्रश थोडाच वापरला. रोलर, स्पंज, जुन्या साड्यांचे बोळे. एक थर ओला असतानाच दुसरा त्याच्यात सोडायचा, म्हणजे कड राहत नाही. मधाचे, तांब्याचे, पिकल्या फणसाचे रंग एकमेकांत उतरत गेले. त्यांतून कुठे कुठे फुटलेले फिकट उजेड. मधूनच एखादी काळसर जागा, जी कुठूनतरी कुठेतरी निघाल्यासारखी वाटे.

रस्त्याने जाणारे थांबत. मांडवीवर भेळ खायला आलेली माणसं पुड्या हातात घेऊन उभी राहत.

"कसली जाहिरात आहे ही?" एकाने विचारलं.

"जाहिरात नाही. समुद्र आहे," महरीन वरून म्हणाली.

"मग निळा कुठाय?"

हा प्रश्न तिला रोज कुणी ना कुणी विचारी. मासे घेऊन जाणाऱ्या बायका टोपली खाली न ठेवता मान वर करून विचारत. रिक्षावाले विचारत. नगरपरिषदेचे एक साहेब येऊन पाहून गेले, तेही सौजन्याने म्हणाले, "मॅडम, छान आहे. शेवटी थोडा निळा टाका, म्हणजे लोकांना पटेल."

संध्याकाळी ती हे सगळं मालिनीबाईंना सांगे आणि दोघी हसत.

पण याच दिवसांत दुसरंही काही चाललं होतं. सावनीने पुण्याहून फोन करून रत्नागिरीतल्याच डॉक्टरांची तारीख घेतली होती. आधी डावा डोळा, मग महिन्याभराने उजवा. ती तारीख आली तेव्हा मालिनीबाईंना खोकला झाला. डॉक्टरांनी दुसरी दिली, तेव्हा त्यांनी साखर वाढल्याचं सांगितलं. तिसऱ्या वेळी त्या फोनवर म्हणाल्या, "थंडी जाऊ दे गो सावनी. घाई काय आहे?"

"आई, मोतीबिंदू जास्त पिकला तर काढायला त्रास होतो, डॉक्टरांनी सांगितलंय ना तुला?" सावनीचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

महरीन आत रंगाचे डबे पुसत होती. तिने ते ऐकलं. तिन्ही वेळा ऐकलं होतं. खोकला नव्हता हे तिला ठाऊक होतं. तरी ती बाहेर येऊन काही बोलली नाही. भिंत निम्मी व्हायची होती, आणि काकूंचे डोळे साफ झाले की पुढची निम्मी तिला कोण सांगणार होतं? हा विचार मनात आला तेव्हा तिला तो आवडला नाही. तिने डबे आणखी जोरात पुसले.

जानेवारीच्या शेवटी एका दुपारी मालिनीबाई एकट्याच भिंतीकडे गेल्या. महरीन जेवायला आली नव्हती, म्हणून त्यांनी पोळीभाजीचा डबा घेतला. रस्ता पायांखालचा होता. भिंत सुरू झाली तसा त्यांनी तिच्यावर हात ठेवला आणि हात सरकवत, हळूहळू चालू लागल्या. सुरुवातीच्या कोऱ्या तुकड्यापाशी परांचीवर महरीन होती, तिची पाठ होती; बाई खालून पुढे निघून गेल्या ते दोघींनाही कळलं नाही. भिंतीवरचं ते सगळं पिकलेलं पाणी मालिनीबाईंच्या कडेकडेने चाललं होतं. ऊन कलतं होतं. ओहोटी लागून खाडीचा चिखल उघडा पडला होता आणि ओल्या चिखलावर ते ऊन पसरलं होतं. भिंत संपली. हाताखालचा गिलावा संपल्याचं त्यांना कळलं, पण डोळ्यांपुढचं काही संपलं नाही. तोच रंग पुढे चालला होता, म्हणून त्याही चालत राहिल्या.

तिथे पाण्याकडे उतरणाऱ्या पायऱ्या आहेत, शेवाळलेल्या.

पुढे कधीही सांगताना मालिनीबाई म्हणत की पडताना त्यांना भीती वाटली नाही. पाय घसरला, काहीतरी उलटंपालटं झालं, आणि मग त्या एका कोमट, मऊ जागी बसलेल्या होत्या. चहूबाजूंनी उजेड होता. कानात पाणी ओसरल्याची बारीक चुरचुर येत होती, खेकड्यांच्या बिळांतून हवा सुटावी तशी. इथे थोडा वेळ बसलं तरी चालेल, असं त्यांना वाटलं.

मग अयूबचा आवाज आला. ते जेटीवर जाळं सांधत बसले होते. "बाई! हलू नका! हात द्या, हात!"

त्यांनी आणि आणखी दोघांनी मिळून मालिनीबाईंना वर काढलं. कमरेपर्यंत चिखल, मनगट सुजलेलं, कपाळाला खरचटलेलं. डबा चिखलात गेला तो गेलाच. महरीन परांचीवरून कशी उतरली ते तिलाही आठवत नव्हतं. ती त्यांच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि ओढणीने त्यांचा चेहरा पुसू लागली.

"अगो, रंग लागेल मला," मालिनीबाई म्हणाल्या.

मनगट मोडलं नव्हतं, मुरगळलं होतं. त्याला पट्टी बांधून घरी आल्यावर, आंघोळ आणि चहा झाल्यावर, महरीन त्यांच्यासमोर बसली.

"काकू, तुम्ही ऑपरेशन माझ्यासाठी लांबवताय."

"तुझ्यासाठी कशाला? माझ्यासाठी."

"म्हणजे?"

मालिनीबाईंनी मनगटावरची पट्टी सारखी केली. "तू आलीस तोवर मला वाटत होतं की माझं काहीतरी जातंय," त्या म्हणाल्या. "तू विचारायला लागलीस तेव्हा कळलं की काहीतरी आलंय. ते इतक्यात घालवायचं माझ्या जिवावर आलं. झालं."

"तुम्ही आज पाण्यात गेला असतात. भरती असती तर?"

"नव्हती ना."

"मला सगळं माहीत होतं," महरीन म्हणाली. "मी मुद्दामच बोलले नाही. आता तुमचं ऑपरेशन होईपर्यंत मी रोलरला हात लावणार नाही."

"वेडी आहेस का? नगरपरिषदेला काय सांगशील?"

"भिंत ओली आहे म्हणून सांगेन. तुम्ही नाही का खोकला झाला म्हणून सांगितलंत?"

मालिनीबाईंना राग आला. त्या तिच्याशी बोलेनाशा झाल्या. महरीन सकाळी उठून त्यांना चहा देई आणि गॅलरीत हात बांधून बसून राही. भिंतीचा शेवटचा तुकडा नुसत्या प्रायमरचा, पांढरा पडून होता. येणारे-जाणारे अयूबना विचारत, पोरगी आजारी आहे काय. दोन्ही बाजूंचा हट्ट असा चालला. शेवटी एका सकाळी चहा पिता पिता मालिनीबाईंनी फोन मागितला.

"सावनीला लावून दे," त्या म्हणाल्या. "आकडे दिसत नाहीत मला."

डाव्या डोळ्याचं ऑपरेशन फारच थोड्या वेळात झालं. सावनी आली होती. दुसऱ्या दिवशी तपासणीच्या वेळी नर्सने पट्टी काढली, डोळा पुसला आणि म्हणाली, "बघा आता."

मालिनीबाईंच्या समोर खोलीच्या कोपऱ्यात फरशी पुसायची एक प्लास्टिकची बादली होती. निळी. त्या तिच्याकडे बघत राहिल्या. डॉक्टरांनी विचारलं, "दिसतंय का?" तरी त्या बादलीकडेच बघत होत्या. निळा असा असतो हे त्या साफ विसरल्या होत्या. थंड, खोल, घंटेसारखा वाजणारा. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि नर्स घाईने म्हणाली, "रडायचं नाही हां आजी, डोळ्याला चालत नाही."

घरी आल्यावर मात्र त्यांची फजिती झाली. भिंतींच्या कोपऱ्यात जळमटं होती. ओट्याखाली तेलकट काळं साचलं होतं. स्वतःचे हात बघून त्या दचकल्या, एवढ्या सुरकुत्या आल्या कधी? मग महरीन दारातून आत आली, आणि काळ्या चष्म्याआडून मालिनीबाईंनी तिला पहिल्यांदा पाहिलं. बारीक चण, एका भुवईत जुनी खोक, नाकावर रंगीत खडूचा डाग.

"तू इतकी लहान आहेस?" त्या म्हणाल्या. "मी तुला चांगली थोराड समजत होते."

सावनी आठवडाभर राहून गेली. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा सांभाळणं महरीनकडे आलं. तिने पुन्हा काम सुरू केलं नव्हतं. मालिनीबाई गॅलरीत बसत, जेटीचे दगड बघत, माडांची एकेक झावळी बघत. भिंतीचं नाव काढत नव्हत्या. महरीन वाट पाहून थकली, तेव्हा तिने विचारलंच.

"काकू, भिंत बघायला येता?"

"भीती वाटते गो," मालिनीबाई म्हणाल्या. "ती खोटी निघाली तर?"

"मलाही वाटते," महरीन म्हणाली. "पण आत्ताच काय ते कळेल. तुमचा उजवा डोळा अजून तोच आहे. तोही झाला की मग जगात कुणीच मला सांगू शकणार नाही."

दोघी सकाळी गेल्या, रस्ता मोकळा असताना. मालिनीबाई भिंतीसमोर, रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहिल्या. आधी त्यांनी नव्या डोळ्याने पाहिलं. गिलाव्याचे उंचवटे दिसले. रोलरच्या वाटा दिसल्या, स्पंजचे ठसे, एका जागी साडीचा दोरा रंगात चिकटून राहिलेला. खाली मिठाची पांढरी रेघ फुटायला लागली होती. मेहनत दिसली. त्यांनी मान हलवली. मग डाव्या डोळ्यावर तळहात ठेवला आणि उजव्याने पाहिलं.

महरीन भिंतीकडे बघत नव्हती. ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मच्छीवाल्या बायका गेल्या, एक स्कूटर गेली, तरी मालिनीबाईंनी हात डोळ्यावरून काढला नाही.

"बरोबर आहे का?"

"नाही," मालिनीबाई म्हणाल्या.

महरीनचा चेहरा उतरला.

"मला असं दिसत नव्हतं. माझं याहून मळकट होतं, डोक्याला जड व्हायचं. तू त्यातलं जडपण काढून टाकलंस." त्या थांबल्या. हात तसाच डोळ्यावर धरून त्यांनी मान वळवून खाडीकडे पाहिलं, मग पुन्हा भिंतीकडे. "पण आता मला खाडीसुद्धा अशीच दिसतेय. आता तुझ्या भिंतीसारखी दिसतेय ती."

महरीनला हसू आलं आणि रडूही आलं. तिने ओढणीने नाक पुसलं.

"राहिलेल्या तुकड्यात निळा घालू? साहेब म्हणत होते. आणि तुम्हांलाही आता दिसतोय."

"नको," मालिनीबाई म्हणाल्या. "तो सगळ्यांना दिसतोच."

शेवटचा तुकडा त्या दोघींनी मिळून केला. फेब्रुवारीत रोज सकाळी रस्त्यापलीकडे एक प्लास्टिकची खुर्ची आणि छत्री ठेवलेली असे. मालिनीबाई डाव्या डोळ्यावर रुमाल बांधून बसत आणि सांगत: तिथे उजेड फुटू दे, तिथे मिटू दे, ती काळसर जागा अजून निघालेली नाही, तिला निघू दे. महरीन वरून हो म्हणे आणि कधी ऐके, कधी ऐकत नसे. डाव्या डोळ्याने बघायचा मोह मालिनीबाईंना होत नसे असं नाही. मध्येच त्या रुमाल वर करून आकाश बघून घेत. मग पुन्हा खाली ओढत. दोन जगं एका चेहऱ्यावर बाळगून त्या हिंडत होत्या, आणि त्या दिवसांत त्यांना फार शांत झोप लागे.

भिंत पूर्ण झाली. छोटासा कार्यक्रम झाला, नारळ फुटला, भाषणं झाली. निळा नाही म्हणून कुणी कुरकुर केली, पण हळूहळू लोक संध्याकाळी भिंतीसमोरच्या कट्ट्यावर बसायला लागले. बोलत बोलत येत आणि तिथे बसले की आवाज खाली जाई. भेळवाल्याने आपली गाडी थोडी सरकवून तिकडे आणली. अयूब म्हणत, तिथे बसून जाळं सांधलं की हात आपोआप चालतो, मन कुठेतरी दुसरीकडे फिरून येतं. साहेबांनी निळ्याचा विषय पुन्हा काढला नाही.

मग मालिनीबाईंचा उजवा डोळाही झाला. या वेळी त्यांनी तारीख पुढे ढकलली नाही. आदल्या संध्याकाळी त्या गॅलरीत एकट्या बसल्या आणि रुमाल बांधून दिवे लागताना बघितले, सगळे. महरीन आत होती. तिने दिवा लावला नाही, हाकही मारली नाही.

मार्चात महरीनची आई ताजबी जयगडहून भिंत बघायला आली. मुलीचं नवं काम मुरुडला ठरलं होतं, तिचं सामान आवरायलाही मदत करायची होती. सोबत सांदणांचा डबा होता. तिने डबा मालिनीबाईंच्या हाती दिला, भिंतीसमोर उभी राहिली आणि बराच वेळ कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"पोरी, यात समुद्र खंय?" तिने आधी विचारलं. मग म्हणाली, "तुझ्या वेळी मला ताप आला होता, बाळंतपणात. खिडकीतून असंच दिसायचं. मला वाटायचं, मी घरासकट तरंगतेय." ती महरीनकडे वळली. "तुला कसं कळलं गं?"

महरीनने मालिनीबाईंकडे पाहिलं. मालिनीबाईंनी खांदे उडवले.

महरीन अयूबबरोबर परांचीचे बांबू परत द्यायला गेली, तेव्हा या दोघी जेटीच्या टोकाला जाऊन बसल्या. ऊन उतरलं होतं. सांदणांचा डबा दोघींच्या मध्ये उघडा होता. ताजबी डोळे बारीक करून पाण्याकडे बघत होती.

"माझा चष्मा घरीच राहिला," ती म्हणाली. "ती होडी कुणाची आहे, ती वळतेय ती?"

मालिनीबाईंनी हात कपाळावर आडवा धरला. होडी राजिवड्याच्या दिशेने वळत होती. तिच्या काठाची हिरवी रेघ, तिच्यावरचा पांढरा दोरा, पुढच्या टोकावरची, नाळेवरची अक्षरं, सगळं धुऊन ठेवल्यासारखं स्पष्ट होतं.

"'दर्यादौलत' लिहिलंय," त्या म्हणाल्या. "खाली बारीक अक्षरांत 'आईचा आशीर्वाद'. दोरीवर एक बनियन वाळत घातलंय. पुढे दोघे बसलेत, एकजण विडी पेटवतोय, वाऱ्याने पेटत नाहीये त्याची."

"आणि तो उभा आहे तो? काय करतोय?"

मालिनीबाईंनी नीट पाहिलं.

"खिशातला आरसा डोलकाठीला अडकवून केस विंचरतोय," त्या म्हणाल्या.

"घरी येतोय ना," ताजबी म्हणाली आणि एक सांदण उचलून त्यांच्या हातावर ठेवलं.